पक्षाची आज्ञा आणि ठेवीदाराची ठेव



सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख ठेवणे हा लोकसेवेचा पहिला धडा होय, अशी ज्यांची आयुष्यभराची धारणा होती, त्यांच्या स्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. विषयाची निवड आपण मजवरच सोपविलीत, तेव्हा त्या धारणेला साजेल असाच विषय घ्यावा असे मनाने घेतले. सरकारच्या मालकीच्या बँकेत सत्ताधारी राजकीय पक्षाचे स्थान कोणते, त्याची संघटना तेथे कोणत्या रचनेने उभी असते, त्याची आज्ञा मुख्य कचेरीतून तालुक्याच्या शाखेपर्यंत कशी उतरते, आणि शाखेतली खरी खबर उलट वाटेने वर कितपत पोहोचते, हा तो विषय. उदाहरणासाठी मी चीन देश घेतला आहे. कारण जी गोष्ट अन्यत्र कानोकानी चालते, ती त्या देशाने नियमावलीत कलमवार नमूद करून ठेवली आहे, आणि जे लिहिलेले असते त्याचीच नीट परीक्षा करता येते.

प्रथम पेढीच्या स्वभावाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. बँकेच्या तिजोरीतला पैसा बँकेचा नसतो. निवृत्त शिक्षकाचा फंड, शेतकऱ्याच्या उसाचे बिल, दुकानदाराच्या चालू खात्यातील शिल्लक, अशी हजारो घरांची पुंजी तेथे एकत्र येते, आणि तिच्यातून कोणाला किती, कोणत्या तारणावर व किती मुदतीने द्यावे याचा निर्णय मूठभर अधिकारी करतात. या निर्णयात होकार देणे नेहमीच सोपे असते. कठीण असतो तो नकार. तारणाचे मूल्यांकन, शाखेची तपासणी, लेखापरीक्षण ही बँकव्यवसायाची सारी उपकरणे, नीट पाहिले तर, योग्य वेळी दिलेल्या नकाराच्या रक्षणासाठीच निर्माण झालेली आहेत. मालक खाजगी असला तर त्याचा लोभ या नकाराच्या आड येतो. मालक सरकार असले तर त्याचे धोरण आड येते. आणि सरकार ज्याच्या हाती असते तो पक्षच जेव्हा पेढीच्या अंतर्भागात आपली गादी घालून बसतो, तेव्हा या नकाराची काय अवस्था होते, हा माझ्या आजच्या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

चीनच्या पीपल्स बँकेची स्थापना १ डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे नव्या राजवटीची घोषणा होण्याच्या दहा महिने आधी, शिजियाझुआंग या शहरी झाली. पुढची सुमारे तीस वर्षे ही पेढी त्या विस्तीर्ण देशात मध्यवर्ती बँक, व्यापारी बँक आणि सरकारी खजिना ही तिन्ही कामे जवळजवळ एकटीच करीत होती. नियोजनकारांनी ठरवावे, कारखान्याने उचल करावी आणि बँकेने रक्कम वर्ग करून वहीत नोंद घ्यावी, असा तो कारभार असल्यामुळे कर्जदाराची पत पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, १९६९ साली, ही बँक अर्थखात्यात विलीन करण्यात आली आणि १९७८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाली. ज्या वर्षी आपल्या देशात १४ मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेऊन त्यांच्यावर राष्ट्रीय विकासाची जोखीम सोपविली, त्याच वर्षी शेजारच्या देशात मुख्य बँक अर्थखात्याचे एक दप्तर होऊन राहिली, ही गोष्ट तुलनेने अभ्यास करणाराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डेंग शियाओपिंग यांच्या सुधारणापर्वात हे चित्र पालटले. १९७९ मध्ये कृषी बँक पुन्हा उभी राहिली आणि परकीय चलनाचा व्यवहार पाहणारी बँक ऑफ चायना वेगळी झाली; १९५४ पासूनच्या बांधकाम बँकेला नवे अधिकार मिळाले; आणि १ जानेवारी १९८४ पासून पीपल्स बँकेचा व्यापारी व्यवहार औद्योगिक व व्यापारी बँक या नव्या संस्थेकडे गेला. या चार बँकांच्या शाखा प्रांतोप्रांती पसरल्या, आणि त्या शाखांतच नव्या दुखण्याने मूळ धरले. शाखाधिकाऱ्याला परिपत्रके बीजिंगच्या मुख्य कचेरीतून येत असत. परंतु त्याच्या नेमणुकीत व बढतीत प्रांताच्या किंवा शहराच्या पक्षसमितीचा शब्द वजनदार असे, आणि त्याचे घरदार, मुलांचे शिक्षण व पुढचे सारे आयुष्य त्याच गावाशी बांधलेले असे. त्या समितीच्या चिटणिसाला आपल्या अमलात एक पोलादाचा कारखाना व एक प्रशस्त रस्ता हवा असला, म्हणजे कर्जाला नकार देण्याची छाती शाखाधिकाऱ्याला कोठून होणार? प्रांताप्रांतांत चढाओढीने कर्जे वाटली गेली आणि १९९४ साली महागाईचे मान २४ टक्क्यांच्या घरात पोहोचले.

या अनर्थाला आवर घालण्याची कामगिरी झू रोंगजी यांच्याकडे आली. उपपंतप्रधान असतानाच १९९३ मध्ये त्यांनी पीपल्स बँकेचे गव्हर्नरपदही स्वतःकडे घेतले. १९९४ मध्ये धोरणात्मक कर्जांसाठी तीन स्वतंत्र बँका स्थापन झाल्या, १९९५ मध्ये व्यापारी बँकांचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, आशियाई आर्थिक संकटाचे ढग शेजारी दाटले असताना, वित्तव्यवहारावरील राष्ट्रीय परिषद भरून एक मूलगामी निर्णय झाला. १९९८ साली केंद्रीय वित्तकार्य आयोग या नावाची पक्षाचीच एक संस्था वेन जियाबाओ यांच्या नेतृत्वाखाली निर्माण करण्यात आली, आणि बँकांतील पक्षसंघटना प्रांतिक समित्यांच्या अमलातून काढून सरळ वरून खाली अशा उभ्या साखळीत बांधली गेली. त्याच साली पीपल्स बँकेच्या प्रांतिक शाखा मोडून त्यांच्या जागी ९ प्रादेशिक शाखा उघडल्या गेल्या, जेणेकरून एकाही प्रांताच्या पुढाऱ्याला मध्यवर्ती बँकेची शाखा आपल्या दरबारातली मानता येऊ नये. पक्षाच्या स्थानिक हस्तक्षेपावर पक्षाचीच वरिष्ठ सत्ता हा उतारा योजला गेला, हे या सुधारणेचे मर्म आहे, आणि पुढे जे गुण व जे दोष दिसून आले त्या दोहोंचा उगमही येथेच आहे.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण न्यायबुद्धीची तशी मागणी आहे. प्रांतिक पुढाऱ्यांचा पंजा सैल झाल्यावरच बँकांचे खरे ताळेबंद पाहणे शक्य झाले. १९९८ मध्ये सरकारने २७,००० कोटी युआनचे विशेष रोखे काढून चारही बँकांचे भांडवल भरून काढले; १९९९ मध्ये चार मालमत्ता-व्यवस्थापन कंपन्या काढून सुमारे १ लाख ४० हजार कोटी युआनची थकित कर्जे त्यांच्या गळ्यात घातली; आणि डिसेंबर २००३ मध्ये परकीय गंगाजळीतून ४,५०० कोटी डॉलर काढून ते बँक ऑफ चायना आणि बांधकाम बँक यांना निम्मे निम्मे दिले. मग या बँकांनी भागबाजारात पाऊल टाकले. बांधकाम बँक ऑक्टोबर २००५ मध्ये, बँक ऑफ चायना २००६ च्या उन्हाळ्यात, औद्योगिक व व्यापारी बँक त्याच वर्षी ऑक्टोबरात हाँगकाँग व शांघाय या दोन्ही बाजारांत एकाच दिवशी, आणि कृषी बँक जुलै २०१० मध्ये. परदेशी बँकांनी भाग घेतले, स्वतंत्र संचालक आले, नामांकित लेखापरीक्षक नेमले गेले. आता पक्ष हळूहळू पेढीतून काढता पाय घेईल, असा अनेक पाश्चात्त्य निरीक्षकांनी त्या काळी होरा बांधला होता. तो फोल ठरला.

पक्ष गेला नव्हता. संचालक मंडळाच्या सभागृहाशेजारच्या दालनात तो होताच. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारी उद्योगांतील पक्षबांधणीविषयी जी राष्ट्रीय बैठक झाली, तीत शी जिनपिंग यांनी पक्षाचे नेतृत्व आणि आधुनिक उद्योगव्यवस्था ही दोन्ही तत्त्वे एकत्र नांदविण्याचा आग्रह धरला. २०१७ च्या पक्षाधिवेशनात पक्षघटनेतच दुरुस्ती होऊन सरकारी उद्योगातील पक्षसमितीने दिशा ठरवावी, समग्र कारभारावर दृष्टी ठेवावी आणि अंमलबजावणीची हमी घ्यावी, असे नमूद झाले. त्याच सुमारास मोठ्या सरकारी बँकांनी आपापल्या नियमावलीत पक्षसमितीसंबंधी स्वतंत्र प्रकरण घातले, आणि ज्या नियमावलीवर विसंबून हाँगकाँगच्या बाजारात भागधारक भाग विकत घेतात, तिच्यात पक्षाचे अग्रस्थान शब्दबद्ध झाले.

ही रचना कशी आहे, ते थोडे जवळून पाहू. बँकेचा अध्यक्ष हाच पक्षसमितीचा मुख्य चिटणीस असतो. मुख्य कार्यकारी, ज्याला तिकडे प्रेसिडेंट म्हणतात, तो उपचिटणीस असतो. काही उपाध्यक्ष आणि शिस्तपालन विभागाचा प्रमुख हे समितीचे सभासद. म्हणजे पक्षसमितीतली माणसे संचालक मंडळात व व्यवस्थापनात असतात, आणि मंडळातली व व्यवस्थापनातली पक्षसमितीत असतात. महत्त्वाचे निर्णय, महत्त्वाच्या नेमणुका, महत्त्वाचे प्रकल्प आणि मोठ्या रकमांचे व्यय, या चार प्रकारच्या बाबी संचालक मंडळापुढे येण्यापूर्वी पक्षसमितीत चर्चिल्या गेल्या पाहिजेत, असा दंडक आहे. मंडळाने नंतर जे ठरवायचे त्याची वाट अशा रीतीने आधीच आखलेली असते. कायद्याच्या दृष्टीने ठराव मंडळाचा असतो, त्यावर सही मंडळाची असते, आणि उद्या कर्ज बुडाले तर दाव्यात नावही मंडळाचेच येते.

नव्या अध्यक्षाची नेमणूक होते तो प्रसंग या रचनेचा सर्वांत बोलका दाखला आहे. मुख्य कचेरीच्या सभागृहात वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक बोलावली जाते. पक्षाच्या केंद्रीय संघटन विभागाचा प्रतिनिधी येतो आणि अमुक व्यक्तीची पक्षसमितीच्या चिटणीसपदी नेमणूक करण्याचा वरिष्ठांचा निर्णय वाचून दाखवितो. त्यानंतर यथावकाश संचालक मंडळ त्याच व्यक्तीची निवड करते, भागधारकांची सभा तिला संचालक म्हणून मान्यता देते आणि नियामक पात्रतेचा दाखला देतो. मध्यवर्ती बँकेतही हाच क्रम आहे. पान गोंगशंग हे १ जुलै २०२३ रोजी पीपल्स बँकेचे पक्षचिटणीस झाले आणि २५ जुलैला गव्हर्नर झाले. त्याआधीची पाच वर्षे तर याहून उद्बोधक आहेत. मार्च २०१८ मध्ये यी गांग गव्हर्नर झाले, परंतु पीपल्स बँकेचे पक्षचिटणीसपद मात्र बँकांच्या नियामक संस्थेचे अध्यक्ष गुओ शूचिंग यांच्याकडे देण्यात आले. जगातल्या परिषदांत चीनच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख म्हणून वावरणारे गव्हर्नर स्वतःच्या कचेरीतील पक्षसमितीत उपचिटणीस होते, आणि पदाने त्यांचे उपगव्हर्नर असलेले गृहस्थ तेथे त्यांचे वरिष्ठ होते.

आता मुख्य कचेरी सोडून शाखेत या. जेथे पक्षाचे तीन पूर्ण सभासद असतील तेथे पक्षशाखा असली पाहिजे, असा पक्षघटनेचा नियम आहे. पन्नासांवर सभासद झाले की त्याहून मोठी रचना, शंभरांवर गेले की समिती. म्हणजे एखाद्या जिल्ह्याच्या गावी दहा-पंधरा माणसांची बँकशाखा असली, तरी तेथेही बहुधा ही घडी बसलेली असते. पक्षशाखेच्या समितीची बैठक दर महिन्यास, सर्व सभासदांची सभा दर तीन महिन्यांनी, ठरावीक काळाने पक्षपाठ म्हणजे व्याख्यान, आणि वर्षातून एकदा आत्मपरीक्षणाची व परस्परांच्या टीकेची बैठक, असे हे वेळापत्रक आहे. प्रत्येक सभासद करवजा पगारातून दरमहा वर्गणी देतो. ३,००० युआनपर्यंत अर्धा टक्का, मग चढत चढत १०,००० युआनांपलीकडे दोन टक्के. वरून आलेले दस्तऐवज वाचले जातात, त्यावर टिपणे काढली जातात, इतिवृत्ते लिहून दप्तरी लावली जातात. जानेवारी २०१९ पासून अभ्यासासाठी मोबाइल फोनवर ‘शुएशी छियांगगुओ’ नावाचे एक अ‍ॅपही आले असून वाचन, चित्रफिती व प्रश्नोत्तरे यांना त्यात गुण मिळतात. रोखपालाच्या खिडकीमागे बसणारी तरुण मुलगी पक्षाची सभासद असली, तर पैसे मोजणे, ठेवी गोळा करणे आणि नेत्यांच्या भाषणांचा अभ्यास करणे ही तिन्ही कामे तिच्या दिवसात बसलेली असतात.

या साखळीची कार्यक्षमता नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये जागतिक मंदीच्या पार्श्वभूमीवर चीनने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली, तेव्हा वरचा संकेत काही आठवड्यांत शेवटच्या शाखेपर्यंत पोहोचला. २००८ मध्ये नव्या कर्जांची रक्कम सुमारे ४ लाख ९० हजार कोटी युआन होती, ती २००९ मध्ये साडेनऊ लाख कोटींच्या पुढे गेली. अमेरिकेतील व युरोपातील बँका घाबरून हात आखडत असताना चीनच्या बँकांनी हात मोकळा सोडला, रेल्वे झाल्या, पूल झाले, कोट्यवधींचा रोजगार टिकला. परंतु याच वेगाचे दुसरे अंग असे की, त्या वर्षी नकार देण्याची सोय कोणालाच उरली नव्हती. प्रांतांनी व शहरांनी काढलेल्या कंपन्यांना कर्जांचा मोठा वाटा गेला, आणि स्थानिक सरकारांच्या या ऋणाचे ओझे चीन आजतागायत वाहत आहे. आज्ञेला कालव्याचे पाणी मानले, तर ते उताराने वेगाने धावते खरे. पण शेताच्या टोकाला बांध फुटल्याची वर्दी त्याच पाण्यावरून वर येत नाही.

खबर वर का येत नाही? कारण सरळ आहे. ज्या चिटणिसाने वरची आज्ञा अंमलात आणायची, तोच अध्यक्ष म्हणून कर्जावर निर्णय करतो आणि तोच यशाचा अहवाल वर पाठवितो; त्याची पुढची बढती त्या अहवालावर अवलंबून असते. या बँकांचे अध्यक्ष पुढे नियामक संस्थांत, प्रांतांच्या कारभारात, मध्यवर्ती बँकेत जातात. गुओ शूचिंग हे बांधकाम बँकेचे अध्यक्ष होते, पुढे भागबाजाराच्या नियामक मंडळाचे प्रमुख झाले, मग शांतोंग प्रांताचे गव्हर्नर झाले, आणि तेथून बँकांच्या नियामकपदी परत आले. ही माणसे कर्तृत्ववान असतात, यात शंका नाही. पण ज्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर वरिष्ठाची प्रसन्नता हेच भांडवल असते, त्या शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडून अप्रिय वार्तेची अपेक्षा करणे मनुष्यस्वभावावर फाजील विश्वास टाकण्यासारखे आहे.

याचे दाखले इतिहासाने दिलेले आहेत. ग्वांगतोंग प्रांतातील कायपिंग या लहान शहरी बँक ऑफ चायनाच्या शाखेत एकापाठोपाठ एक आलेल्या तीन व्यवस्थापकांनी मिळून सुमारे ४८ कोटी डॉलर लांबविले, आणि ही गोष्ट ऑक्टोबर २००१ मध्ये, सारी खाती एका संगणक यंत्रणेत जोडली जात असताना, मुख्य कचेरीच्या ध्यानात आली. पक्षशाखा होती, सभा होत होत्या. चोरी मात्र हिशेबाच्या यंत्राने पकडली. त्यानंतरची प्रकरणे वरच्या मजल्यावरची आहेत. चीनच्या विकास बँकेचे माजी अध्यक्ष हू ह्वायबांग यांना साडेआठ कोटी युआनच्या लाचेबद्दल जानेवारी २०२१ मध्ये जन्मठेप झाली. त्याच महिन्यात ह्वारोंग या मालमत्ता-व्यवस्थापन कंपनीचे माजी प्रमुख लाय श्याओमिन यांना सुमारे १७९ कोटी युआनच्या लाचेसाठी देहान्त शासन दिले गेले. आणि बँक ऑफ चायनाचे माजी अध्यक्ष ल्यू ल्यांगे यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये १२ कोटी युआनांहून अधिक लाचेबद्दल तहकुबीसह मृत्युदंड सुनावण्यात आला. हे तिघेही आपापल्या संस्थेच्या पक्षसमितीचे चिटणीस होते, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ज्यांच्या हाती पक्षाची शिस्त सांभाळण्याचे काम होते, त्यांच्याच हातून ती मोडली. आणि समितीतल्या कोणी सहकाऱ्याने त्यांना वेळीच रोखले, असे या प्रकरणांत आढळत नाही.

चीनच्या राज्यकर्त्यांना हा दोष दिसत नाही असे नव्हे. २०१८ मध्ये केंद्रीय वित्तसंस्थांतील शिस्तपालन पथकांची पुनर्रचना करून त्यांची निष्ठा बँकेच्या चिटणिसाऐवजी केंद्रीय शिस्तपालन आयोगाशी बांधण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये २५ वित्तीय संस्थांत केंद्रीय तपासनीसांची पथके बसविण्यात आली. आणि २००३ मध्ये मोडलेला केंद्रीय वित्तकार्य आयोग २०२३ मध्ये पुन्हा उभारून त्याच्या जोडीला केंद्रीय वित्त आयोग हा पक्षाचाच नवा अधिकारी मंच निर्माण झाला. त्याच सुधारणेत पीपल्स बँकेच्या ९ प्रादेशिक शाखा मोडून प्रांतिक शाखा परत आणल्या गेल्या. या साऱ्या फेररचनांतून एकच सूत्र दिसते. साखळीच्या एका कडीवर अविश्वास उत्पन्न झाला की तिच्यावर देखरेखीसाठी आणखी एक कडी, तीही त्याच साखळीतली, जोडली जाते. शाखेतून वर जाणारी वार्ता विश्वसनीय असती, तर वरून खाली इतकी तपासनीस-पथके धाडण्याची गरजच पडली नसती. साखळीबाहेर उभे राहून बोलणारा ठेवीदार, वृत्तपत्र, न्यायालय किंवा कामगार संघटना यांपैकी कोणालाही या रचनेत स्वतंत्र आवाज नाही. कामगार संघटनासुद्धा पक्षाच्याच छत्राखाली आहे.

श्रोतेहो, चीनविषयी इतके बोलल्यावर आपल्या घराकडे पाहिल्यावाचून विषय पुरा होणार नाही. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्यांत १९३५ मध्ये पुण्यात नोंदलेली बँक ऑफ महाराष्ट्र होती. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्रवार जबाबदारी घ्यावी असे सुचविले आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. गावोगाव शाखा गेल्या, सावकाराखेरीज दुसरे दार ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना पतपुरवठ्याचे दार उघडले, हे राष्ट्रीयीकरणाचे पुण्य आहे, आणि ते मी मुक्तकंठाने मान्य करतो.

मात्र आपल्या सरकारी बँकांत पक्ष नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. तो नियमावलीत नाही, एवढेच. खालच्या अंगाने तो कर्मचारी संघटनांच्या रूपाने आला. १९४६ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेचे डाव्या चळवळीशी जवळचे नाते होते, इतर संघटना इतर विचारांच्या आश्रयाने वाढल्या, आणि कायद्याने संचालक मंडळावर कामगारांचा व अधिकाऱ्यांचा एकेक प्रतिनिधी बसविला. हे अंग उघडे आहे, मतभेद सभेत होतात, संप रस्त्यावर होतात, आणि म्हणून ते लोकशाहीला पोषकच आहे. वरच्या अंगाने मात्र पक्ष मंत्र्याच्या कचेरीतून, शिफारशीतून, दूरध्वनीवरील चार शब्दांतून येतो, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. १९८० च्या दशकातील कर्जमेळाव्यांत व्यासपीठावर पुढारी आणि टेबलामागे शाखाधिकारी हे दृश्य महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांनी पाहिले आहे. मोठ्या उद्योगांना दिलेल्या कर्जांचे पुढे काय झाले, हेही आपल्यासमोर आहे. मार्च २०१८ अखेर सरकारी बँकांच्या एकूण कर्जांपैकी १४.६ टक्के कर्जे अनुत्पादक ठरली होती, आणि त्याआधी पाच महिने सरकारला २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे भांडवल पुरविण्याची घोषणा करावी लागली होती. त्या प्रत्येक कर्जाच्या कागदावर कोणा अधिकाऱ्याची सही आहे. ज्याच्या शब्दाखातर सही झाली असेल, त्याचे नाव त्या कागदावर नाही. सरकारने आपला भाग एका स्वतंत्र गुंतवणूक कंपनीकडे द्यावा आणि मंत्रालयाने बँकांच्या कारभारातून अंग काढून घ्यावे, असे नायक समितीने २०१४ मध्ये सुचविले होते. त्या शिफारशींतल्या काही अंशतः स्वीकारल्या गेल्या, मूळ सूचना मात्र दप्तरीच राहिली.

दोन्ही देशांचे चित्र शेजारी ठेवले म्हणजे माझा निष्कर्ष असा होतो. चीनने सत्तेचे स्थान लिहून ठेवले, ही त्याची सरशी. पण तिला विरोध करण्याचे स्थान कोठेच ठेवले नाही, ही त्याची उणीव. आपण विरोधाची स्थाने कायद्याने राखली, न्यायालय राखले, वृत्तपत्र राखले, संघटना राखल्या, ही आपली सरशी; पण सत्ता जेथून बोलते ते स्थान अलिखित ठेवले, ही आपली उणीव. चीनच्या व्यवस्थेत नकार देणारा अधिकारी शिस्तभंगाचा धनी होतो. आपल्याकडे तो दूरच्या बदलीचा धनी होतो. दोहोंकडे नुकसान ठेवीदाराचे आणि, भांडवल पुन्हा भरावे लागते तेव्हा, करदात्याचे. सरकारी मालकी स्वतः वाईट आहे, असे माझे मत मुळीच नाही. मालकी सरकारची असावी आणि हुकूम लेखी असावा, धोरण सरकारने ठरवावे आणि पत बँकेने पाहावी, या दोन मर्यादा पाळल्या तर सरकारी बँक लोकांची खरी सेवा करू शकते, असा माझा विश्वास आहे.

म्हणून शेवटी मी या सभागृहातील सर्वांना, आणि विशेषतः येथे बसलेल्या बँक कर्मचाऱ्यांना व अधिकाऱ्यांना, हात जोडून विनंती करतो. जे कर्ज धोरण म्हणून द्यावयाचे असेल त्याचा आदेश लेखी मागा, आणि त्याचा तोटा अर्थसंकल्पात दाखविण्याचा आग्रह धरा. कर्ज नाकारताना त्याची कारणे कागदावर लिहा आणि तो कागद जपून ठेवा. एखाद्या सहकाऱ्याची अशा नकारासाठी बदली झाली, तर तुमच्या संघटनेने पगाराच्या प्रश्नाइतक्याच त्वेषाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि आपण सर्व ठेवीदारांनी आपापल्या बँकेचा वार्षिक अहवाल मागवून वाचावा, निर्लेखित केलेल्या कर्जांचा आकडा पाहावा, आणि तो का वाढला हे आपल्या लोकप्रतिनिधीला मते मागण्याच्या वेळी विचारावे. पैसा आपला आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे, आणि तो वापरणे हे आपले कर्तव्य आहे.